चुका पोटात घालणारे ग्लायडर: आडव्या वाऱ्यातील लँडिंगच्या प्रशिक्षणाचा एक प्रकरण अभ्यास

या प्रकरणातील विद्यार्थिनीने दुआसनी ग्लायडरवरील प्रशिक्षण पूर्ण केले होते, त्यावर एकटीने उड्डाणेही केली होती आणि नुकतीच ती १५ मीटर पंखविस्ताराच्या एकआसनी ग्लायडरकडे वळली होती. तिच्या नोंदवहीत आडव्या वाऱ्यातील लँडिंगपुढे दोन वेगवेगळ्या प्रशिक्षकांच्या सह्या होत्या आणि प्रतिकूल शेरा कुठेही नव्हता. तरीही एकआसनीवरील सुरुवातीच्याच एका उड्डाणात चाक जमिनीला टेकल्यावर ग्लायडर गर्रकन डावीकडे फिरले, शेपूट आडवी घसरत गेली, उजव्या पंखाचे टोक गवताला घासले आणि धावपट्टीच्या दिशेशी सुमारे ४० अंशांचा कोन करून ते थांबले. कोणाला दुखापत झाली नाही, आणि शेपटीकडचा निमुळता भाग, मागचे चाक व पंखांचे सांधे तपासल्यावर नुकसानही आढळले नाही. अशा घटनेची नोंद बहुधा ‘रडर उशिरा दिला’ (रडर म्हणजे पायांनी चालवायचे, नाक डावी-उजवीकडे वळवणारे शेपटीचे सुकाणू) एवढ्या एका वाक्यात आटोपली जाते. ते वाक्य खोटे नव्हते, पण अपुरे होते, आणि त्याच्यावर विसंबून जो पहिला उपाय केला गेला तो उलटला. म्हणूनच हे प्रकरण सविस्तर मांडण्याजोगे वाटते.

परिस्थिती

लँडिंग पश्चिमेकडे, म्हणजे २७० अंशांच्या दिशेने होते. वारा २१० अंशांवरून सुमारे १२ नॉट होता. दिशांमधला फरक ६० अंशांचा, त्यामुळे आडवा घटक १० नॉटांच्या थोडा वर आणि समोरचा घटक ६ नॉट. हे गणित पाठ असावे असे नाही, पण त्याचा ठोकताळा प्रत्येक शिकाऊ वैमानिकाला तोंडी यायला हवा: ३० अंशांच्या फरकाला निम्मा वारा आडवा, ४५ अंशांना सुमारे ०.७ पट, आणि ६० अंशांच्या पुढे जवळजवळ सगळाच आडवा धरावा. दुसरा ठोकताळा याहून उपयोगी आहे. ६० नॉटांच्या हवाई वेगाला आडव्या वाऱ्याच्या प्रत्येक नॉटामागे नाक साधारण १ अंश वाऱ्याकडे वळवावे लागते. म्हणजे त्या दिवशी फायनलवर (धावपट्टीच्या रेषेतील शेवटच्या सरळ टप्प्यावर) नाक धावपट्टीच्या मध्यरेषेच्या डावीकडे १० अंशांच्या आसपास दिसणे अपेक्षित होते, आणि ते तसेच दिसत होते.

बिघाडाची सुरुवात मात्र फायनलच्या आधीच झाली होती. सर्किट (उतरण्यापूर्वीचा आयताकृती फेरा) डाव्या वळणांचे होते, म्हणजे डाउनविंड लेग (धावपट्टीला समांतर, लँडिंगच्या उलट दिशेचा टप्पा) धावपट्टीच्या दक्षिणेला. तिथे वारा उजव्या बाजूने, थोडा मागून येत असल्याने ग्लायडर हळूहळू धावपट्टीकडे ढकलले जात होते. तिने त्यासाठी पुरेशी दुरुस्ती केली नाही आणि बेस लेग (तिथून फायनलपर्यंतचा आडवा टप्पा) आखूड झाला. त्यातच बेसवर वाऱ्याचा मोठा घटक पाठीमागून मिळत होता. हवाई वेग ५५ नॉट असताना जमिनीवरचा वेग ६५ च्या घरात गेला. आखूड बेस आणि वाढलेला वेग एकत्र आले की शेवटचे वळण हमखास मध्यरेषेच्या पलीकडे जाते, आणि तेच झाले. इथे धोक्याचा मोह असतो तो पंख फार न झुकवता रडर दाबून नाक ओढून आणण्याचा. कमी उंचीवरच्या स्पिनकडे, म्हणजे उचल गमावून गरगरत कोसळण्याकडे, जाणारी ती वाट आहे. विद्यार्थिनीने हा मोह टाळला, योग्य झुकाव देऊन मध्यरेषा ओलांडली आणि सावकाश परत आली, ही तिच्या बाजूची महत्त्वाची नोंद आहे. पण मध्यरेषेवर स्थिरावून वाऱ्याचा अंदाज घ्यायला जो वेळ मिळायला हवा होता, तो या फेऱ्यात खर्ची पडला.

वाऱ्याचा अर्धा वेग मिळवण्याचा नेहमीचा नियम लावला तर ५० नॉटांच्या मूळ वेगाला ५६ नॉट पुरे होते. ती ६० नॉटांनी आली. हा जादा वेग पुढे महाग पडला.

जमिनीला टेकताना काय घडले

जमिनीजवळ वारा मंदावतो. वर १२ नॉट असलेला वारा माणसाच्या उंचीवर ८ नॉट असू शकतो, आणि मग आडवा घटकही १० वरून ७ वर येतो. म्हणजे १०० फुटांवर बरोबर असलेला १० अंशांचा कोन राउंडआउटच्या वेळी (जमिनीजवळ उतार मोडून यान आडवे करताना) जास्तीचा ठरतो, आणि उतरता उतरता तो थोडा थोडा कमी करत आणावा लागतो. विद्यार्थिनीने तो शेवटपर्यंत होता तसाच धरून ठेवला. त्यानंतर नाक धावपट्टीच्या दिशेला आणण्यासाठी तिने उजवा रडर दिला, पण तोवर मुख्य चाक टेकले होते. जादा वेगामुळे शेपूट अजून वर होती आणि मागचे चाक हवेतच होते.

या क्षणी दोन गोष्टी एकाच दिशेला काम करतात. पहिली गोष्ट चाकाची. या एकआसनी ग्लायडरमध्ये मुख्य चाक गुरुत्वमध्याच्या पुढे असते. ग्लायडर सरळ पुढे सरकते आहे, पण चाकाचे तोंड डावीकडे आहे, त्यामुळे जमीन चाकाला डावीकडे रेटते. हा रेटा गुरुत्वमध्याच्या पुढे लागत असल्याने नाक आणखी डावीकडे वळते, कोन वाढतो, रेटाही वाढतो. हा फेरा स्वतःहून थांबणारा नसतो. त्याच वेळी हा रेटा गुरुत्वमध्याच्या खालून लागत असल्याने यान उजवीकडे कलते आणि वाऱ्याच्या पलीकडचा पंख खाली जातो. दुसरी गोष्ट उभ्या शेपटीची: वारा तिला उजवीकडे ढकलतो, म्हणजे नाक पुन्हा वाऱ्याकडेच जाते. मागचे चाक जमिनीवर असते तर त्याने काही प्रमाणात तरी आडवे घसरणे रोखले असते. म्हणूनच आडव्या वाऱ्यात मुख्य आणि मागचे चाक एकाच वेळी, कमी वेगात टेकवण्याला महत्त्व आहे, आणि जादा वेगाने आधी मुख्य चाकावर उतरणाऱ्याला हा आधार मिळत नाही.

आता मूळ प्रश्न: हीच विद्यार्थिनी दुआसनीवर असेच उतरत होती का? नोंदवहीवरून हे कळायला मार्ग नव्हता. पण तिला पुन्हा दुआसनीत बसवून, वारा डावीकडून ७ ते ८ नॉट असताना, बाहेर उभ्या असलेल्या प्रशिक्षकाने धावपट्टीच्या टोकाकडून पाहिले तेव्हा उत्तर मिळाले. ती नाक वाकडे ठेवूनच टेकत होती, आणि टेकल्यावर ग्लायडर आपोआप सरळ होत होते.

याचे कारण रचनेत आहे. एएसके २१ सारख्या प्रशिक्षणाच्या दुआसनी ग्लायडरला नाकाखाली एक चाक असते, आणि आत माणसे बसली की ते त्या चाकावर टेकून उभे राहते. म्हणजेच माणसांसह गुरुत्वमध्य मुख्य चाकाच्या पुढे असतो. आता तोच डावीकडचा रेटा गुरुत्वमध्याच्या मागे लागतो आणि नाकाला उजवीकडे, म्हणजे प्रवासाच्या दिशेकडे फिरवतो. एकआसनीत जी चूक वाढत जाते, तीच इथे यान स्वतः पोटात घालते. आत बसलेल्याला एक हलका झटका जाणवतो, मग सगळे सरळ, आणि मागच्या प्रशिक्षकाला लँडिंग ‘सुरक्षित’ वाटते. तसे ते असतेही. मात्र विद्यार्थ्याच्या पायांनी काम केले की चाकांच्या मांडणीने, हा भेद मागच्या आसनावरून सहज कळत नाही. माझ्या मते या प्रकरणाचा गाभा इथेच आहे: दोन्ही सह्या विद्यार्थिनीच्या कौशल्याला मिळालेल्या नव्हत्या, त्या ग्लायडरच्या स्वभावाला मिळालेल्या होत्या.

पहिला उपाय आणि तो का फसला

सुरुवातीला तिला सांगण्यात आले की रडर लवकर द्या. ती आज्ञाधारक असल्याने तिने तसे केले. जमिनीपासून दोनेक मीटरवर असतानाच नाक सरळ केले गेले. नाक सरळ झाले की वाऱ्याविरुद्धची वाकडी चाल संपते. यानाच्या वस्तुमानामुळे बाजूला वाहणे लगेच सुरू होत नाही, सेकंद-दोन सेकंदांची सवलत मिळते, पण ती सवलत संपली की ग्लायडर वाऱ्याबरोबर सरकू लागते. या खेपेला नाक सरळ होते, पण चाक उजवीकडे सरकत टेकले आणि चाकावर तसाच आडवा भार आला. पुढच्या खेपेला तिने रडर वेळेवर दिला, पण नाक सरळ होताच पाय सैल सोडला. उभी शेपूट नाकाला पुन्हा वाऱ्याकडे नेणारच, आणि वेग कमी होताना रडरचा जोरही कमी होतो, त्यामुळे एकदा दिलेला रडर धरून ठेवावा लागतो आणि हळूहळू वाढवावाही लागतो, ही गोष्ट ‘लवकर द्या’ या सूचनेत कुठेच नव्हती.

शिवाय दोन्ही वेळा डावा पंख वर उचलला गेला. उजवा रडर दिला की डावा पंख पुढे फिरतो, त्याच्यावरचा हवेचा वेग आणि उचल दोन्ही वाढतात, आणि स्टिक (हाताने चालवायची नियंत्रणदांडी) डावीकडे न नेल्यास पंख वर जातो. उचललेल्या पंखाखाली वारा शिरला की पुढचे काम अवघड होते. लांब पंखांच्या ग्लायडरमध्ये इथे एक सोय आहे: स्टिक डावीकडे नेल्यावर उजव्या पंखाचे एलेरॉन (पंखाच्या मागच्या कडेची हलती पट्टी) खाली जाते, त्याचा अवरोध वाढतो आणि नाक उजवीकडे ओढले जाते. एरवी वळणात त्रास देणारा हा परिणाम नेमका या वेळी रडरच्या मदतीला येतो. त्यामुळे हात आणि पाय विरुद्ध दिशांना, पण एकत्र हलले पाहिजेत.

म्हणजे अडचण वेळेची होती असे वरवर दिसत असले तरी, ‘लवकर’ आणि ‘उशिरा’ यांच्यामध्ये योग्य क्षण कसा ओळखायचा हे तिला कळत नव्हते. ती उंचीवरून अंदाज बांधत होती, आणि उंचीवरून तो क्षण कधीच नीट सापडत नाही, कारण होल्ड-ऑफ, म्हणजे जमिनीलगत तरंगत वेग उतरवणे, किती वेळ चालेल हे दर वेळी वेगळे असते.

नजर

अखेर खरे कारण सापडले ते टूरिंग मोटर ग्लायडरवर, म्हणजे इंजिन असलेल्या ग्लायडरवर. त्यात प्रशिक्षक आणि विद्यार्थी शेजारी-शेजारी बसतात. राउंडआउट सुरू होताच विद्यार्थिनीची नजर नाकाच्या जेमतेम पुढच्या गवतावर खिळत होती. दुआसनी ग्लायडरमध्ये प्रशिक्षक मागे बसतो आणि त्याला दिसते ते डोके, डोळे नव्हेत. दोन अनुभवी प्रशिक्षकांच्या लक्षात ही गोष्ट न येण्याचे कारण एवढे साधे होते.

जवळच्या गवताकडे पाहणाऱ्याला उंची बऱ्यापैकी कळते, पण नाक कुठे आहे आणि आपण कुठे जात आहोत हा फरक कळत नाही. मैदानाच्या पलीकडच्या टोकाकडे पाहिले तर नाकाचा कोन स्पष्ट दिसतो आणि बाजूला वाहणे सुरू झाले की सगळे दृश्यच एका बाजूला सरकू लागते. रडर देण्याचा क्षण आणि त्यानंतर स्टिक किती हवी हे दोन्ही त्या दूरच्या दृश्यातच वाचायचे असते.

यातून आणखी एक गैरसमज उघड झाला. फायनलवर नाक वाकडे दिसत असताना आपण साइडस्लिपमध्ये (हवेतून एका बाजूला घसरत) आहोत असे तिला वाटत होते, आणि पायांवर सतत एक अस्वस्थ ताण येत होता. कॅनोपीवरचा (कॉकपिटच्या पारदर्शक झाकणावरचा), हवेचा प्रवाह दाखवणारा लोकरीचा धागा दाखवून प्रशिक्षकांनी विचारले, “धागा काय सांगतोय?” धागा मध्यावर, अगदी सरळ होता. वाऱ्याकडे नाक ठेवून येणे हे संतुलित उड्डाणच असते. हवेच्या दृष्टीने यान सरळ चालले आहे, जमिनीच्या दृष्टीने तिरके. पंख झुकवून साइडस्लिप केला की मगच धागा बाजूला जातो. हे पुस्तकात प्रत्येकाने वाचलेले असते, पण स्वतःच्या पायांना ते पटायला धाग्याकडे बोट दाखवणारे कोणीतरी शेजारी असावे लागते.

पुनःप्रशिक्षण

ग्लायडरवर हे शिकवण्यातली मोठी अडचण म्हणजे पुन्हा प्रयत्न करायची सोय नसते. उतरायला निघालेले ग्लायडर उतरतेच, आणि सरावाचे दोन सेकंद मिळवण्यासाठी दर वेळी एक पूर्ण लाँच, म्हणजे नव्याने वर चढवणे, लागतो. मोटर ग्लायडरने ही कोंडी फोडली. इंजिनच्या जोरावर उंची राखत धावपट्टीच्या मध्यरेषेवरून कमी उंचीवर, धावपट्टीच्या पूर्ण लांबीभर उडता येते. विद्यार्थिनीने पहिल्या टप्प्यात फक्त नाक वाऱ्याकडे ठेवून मध्यरेषा धरली. मग नाक सरळ करायचे, वाहणे सुरू होताना पाहायचे, आणि वाऱ्याकडचा पंख किंचित झुकवून ते थांबवायचे, पुन्हा नाक वाऱ्याकडे आणायचे, असा क्रम एकाच फेरीत अनेकदा करता आला. या सरावात तिला बोलत राहायला सांगितले होते: “नाक डावीकडे... सरळ... वाहतेय... थांबले.” बोलणे थांबले की नजर जवळ आली असे समजायचे, आणि ते बहुतेक वेळा खरे निघाले.

त्यानंतर दुआसनी ग्लायडरवर परत. इथे कामाची वाटणी केली गेली. एअरब्रेक (अवरोध वाढवून उतार तीव्र करणाऱ्या पंखांवरच्या पट्ट्या) प्रशिक्षकांनी हाताळले आणि विद्यार्थिनीकडे फक्त स्टिक आणि रडर ठेवले. एअरब्रेकचा हात मोकळा झाला की शेवटच्या सेकंदात लक्ष कुठे जाते ते स्पष्ट दिसते. मग एअरब्रेकही तिच्याकडे दिले, आणि प्रत्येक लँडिंगनंतर ग्लायडर हलवण्यापूर्वी तिला एकच प्रश्न विचारला गेला: टेकताना नाक सरळ होते, वाकडे होते की आपण वाहत होतो? उत्तर आणि बाहेर उभ्या असलेल्या माणसाचे निरीक्षण जुळू लागले, तेव्हाच प्रशिक्षण पुढे सरकले. लँडिंग चांगले झाले की नाही यापेक्षा ते कसे झाले हे विद्यार्थ्याला स्वतः सांगता येणे, या टप्प्यावर मला अधिक मोलाचे वाटते.

पंख झुकवून थेट जमिनीपर्यंत येण्याच्या पद्धतीबद्दल प्रशिक्षकांमध्ये मतभेद आहेत. पॉवर विमानांवरून आलेले वैमानिक तिचाच आग्रह धरतात. ग्लायडरमध्ये मात्र पंखाची लांबी आड येते. १७ मीटर पंखविस्ताराच्या ग्लायडरमध्ये एका बाजूचा पंख साडेआठ मीटरचा. ५ अंश झुकावाला त्याचे टोक सुमारे ७५ सेंटिमीटर खाली येते, १० अंशांना जवळजवळ दीड मीटर. बसक्या ग्लायडरच्या पंखाची जमिनीपासूनची उंची आणि गवत लक्षात घेतले तर ही पद्धत फक्त हलक्या झुकावापुरतीच वापरता येते. म्हणून या प्रकरणात राउंडआउटपर्यंत नाक वाऱ्याकडे, शेवटी नाक सरळ आणि उरलेले वाहणे दोन-तीन अंशांच्या झुकावाने मोडायचे, असा मिलाफ शिकवला गेला.

जमिनीवरचे धावणे हाही लँडिंगचाच भाग आहे, हे वेगळे शिकवावे लागले. टेकताच एअरब्रेक पूर्ण उघडे, स्टिक मागे आणि वाऱ्याकडे, रडर वाऱ्याच्या विरुद्ध आणि वेग उतरेल तसा वाढता. रडर संपला तरी नाक फिरत असेल तर चाकाच्या ब्रेकने लवकर थांबावे.

रुंद गवती मैदान असेल तर धावपट्टीशी थोडा कोन करून वाऱ्याकडे तोंड फिरवून उतरावे, असा सल्ला सर्रास दिला जातो. तो नेहमी तितकासा उपयोगी नसतो. वारा ४५ अंशांवरून असेल आणि आपण १५ अंश वळलो तर आडवा घटक ०.७ पटीवरून निम्म्यावर येतो, हा मोठा फायदा. पण वारा अगदी ९० अंशांवर असेल तर तेवढेच वळून आडवा घटक जेमतेम साडेतीन टक्क्यांनी घटतो. समोरचा थोडा वारा मिळतो हे खरे, पण बाजूच्या अडथळ्यांशी जवळीक वाढवून तो घ्यावा का, हा हिशेब वर जाण्यापूर्वीच करायचा असतो. तसाच दुसरा निर्णय वाऱ्याच्या मर्यादेचा. हस्तपुस्तिकेतला आकडा यानासाठी असतो, शिकाऊ वैमानिकासाठी प्रशिक्षकाने त्याहून खालचा ठरवायचा असतो, आणि तोही लाँचच्या क्षणीच्या वाऱ्यावर नव्हे. दुपारी ऊष्मप्रवाह सुरू झाले की जमिनीजवळचा वारा दिशा बदलत राहतो. दोन तासांनी परत येणाऱ्याला विंडसॉक (वारा दाखवणारी कापडी नळी) निराळेच काही दाखवत असते.

सध्याची स्थिती

विद्यार्थिनी एकआसनीवर परतली आहे. तिच्यासाठी आडव्या घटकाची मर्यादा तूर्त ८ नॉट ठेवली आहे आणि बेस लेगवर पाठीमागून वारा असेल त्या दिवशी तिने डाउनविंड लेग मुद्दाम रुंद ठेवावा अशी सूचना आहे. डावीकडून येणाऱ्या वाऱ्यात तिचे लँडिंग आता सुबक होते. उजवीकडच्या वाऱ्यात मात्र डावा रडर देताना स्टिक उजवीकडे न्यायला ती अजून चुकते, आणि उजवा पंख उचलला जातो. घटना आणि त्यानंतरचा बहुतेक सराव डावीकडच्या वाऱ्यात झाला हे त्याचे उघड कारण आहे. त्यामुळे उलट बाजूच्या वाऱ्याचा दिवस मिळेपर्यंत मर्यादा वाढवली जाणार नाही, आणि त्या दिवशी प्रशिक्षकांपैकी एकाने धावपट्टीच्या टोकाशी उभे राहायचे असे ठरले आहे.